काल्याबाहेरचे सोहनी सर

सोहनी सरांच्या फाटकावरची पाटी परवा त्यांच्या मुलाने उतरवून नेली. चिऱ्याच्या खांबावर पाटीच्या जागी एक फिकट चौकोन तेवढा राहिलाय. सर आता मुलाकडे, बडोद्याला. घर विकायला काढलंय. आमच्या आळीतून कोणी घर सोडून गेलं की आम्ही बायका आठवडाभर तरी हळहळतो. माणूस भांडकुदळ असला तरी हळहळतो, कारण भांडायला तरी होता ना तो! या वेळी कोणी हळहळलं नाही. शेजारच्या सुमनने पाटी जाताना बघितलंन्, "चला, हवा खेळती झाली जरा," म्हणालीन् आणि पदर खोचून भांडी घासायला बसली.

मी मात्र त्या चौकोनाकडे बघत उभी राहिले, आणि कानात तो आवाज आला. "सांगा बघू वत्सलाबाई, मिंगल म्हणजे काय?"

मी सातवी शिकलेली बाई. पुढचं जे काही शिकले ते वाण्याच्या पुडीच्या कागदांवरून, वाचनालयातून आणि मुलीच्या पुस्तकांतून. मला हा प्रश्न विचारून सरांना काय मिळत असे देव जाणे. पण मलाच कशाला, ते कोणालाही विचारत. गिरणीत दळण घेऊन उभ्या असलेल्या बाईला विचारत, गॅसवाल्याला विचारत, एकदा तर मयताला जमलेल्या माणसांत विचारलंनी. जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलेलं. निवृत्त झाल्यावर वर्ग सुटला, तोंड काही सुटलं नाही. आणि त्यातही या एका क्रियापदावर त्यांचा असा जीव, की स्वतःच्या मुलाचं कौतुक कधी केलं नसेल एवढं त्या शब्दाचं करायचे.

आपण गप्प राहिलो की उत्तर तेच देत. "मिंगल म्हणजे मिसळणे. पण कसं मिसळणे? साखर दुधात विरघळते तसं नव्हे! त्याला ब्लेंड म्हणतात. ब्लेंडमध्ये दोन्हींचं मिळून तिसरंच होतं. मिंगलमध्ये मिसळूनसुद्धा ज्याचा तो ओळखू येतो. फुलांचे वास मिंगल होतात. समारंभात पाहुणे मिंगल होतात. फार जुना शब्द आहे हो. जुन्या इंग्रजीत मेंगन, म्हणजे मिसळणे. अमंग हा शब्दही त्याच कुळातला. अमंग म्हणजे माणसांत! कळलं? मिसळल्याशिवाय माणसांत येता येत नाही!"

शेवटच्या वाक्याला बोट वर जायचं आणि पांढरी मिशी थरथरायची. मिशी मोठी झुपकेदार, रोज कंगव्याने विंचरलेली.

मी एकदा मुलीच्या डिक्शनरीत लावून लावून बघितलं. सगळं खरं निघालं. सरांचं हेच तर होतं, शब्द नेहमी खरा असायचा. मला आपलं वाटायचं, एवढ्यासाठी इंग्लंडला कशाला जायला हवं? आम्ही भात कालवतो, पीठ मळतो, ताक घुसळतो, भेळेत शेव मिसळतो, लाडवाचं सारण एकजीव करतो. कुठे काय ओळखू यायला हवं आणि कुठे येता कामा नये, हे हाताला कळतं. पण सरांचा हात कधी कशात बुडालाच नाही ना! तोंडच तेवढं बुडायचं.

तर हे मिसळण्याचे पंडित. आता त्यांची राहणी ऐका.

खांद्याला एक शबनम पिशवी. तिच्यात स्वतःचा पेला, स्वतःचा चमचा आणि घडी घातलेला पेपर. कोणाच्याही घरी गेले तरी आधी पेपर अंथरायचा, मग त्यावर बसायचं. चहा त्यांच्या पेल्यात ओतायचा. लग्नाच्या पंगतीत अगदी टोकाला, भिंतीच्या कडेला, म्हणजे एका अंगाला भिंत आणि दुसऱ्या अंगाला नलूवहिनी, त्यांची बायको. तिसऱ्या माणसाचा स्पर्श व्हायचा प्रश्नच नाही. आणि वर आपल्याकडे बघून गोड हसायचे. "तुमच्याबद्दल काही नाही हो वत्सलाबाई. हायजीन!"

आमच्या यांनी एकदा विचारलंनी. हे एसटीत कंडक्टर होते, जीभ तिकिटाच्या मशीनसारखी चालायची. "काय हो सर, कॉलेजात तुमच्यासाठी नळाला वेगळं पाणी यायचं काय?"

सर जराही चिडले नाहीत. "हायजीन हा शब्द ग्रीक देवतेच्या नावावरून आला आहे, ठाऊक आहे का?" असं म्हणून त्या देवतेचं सगळं कुळ सांगत बसले. तेही खरंच असणार. त्यांना कोपऱ्यात गाठायला जावं, तर ते नेहमी कुठल्यातरी शब्दाच्या खिडकीतून पसार व्हायचे.

नलूवहिनी मागे उभी असायची. सर उठले की पेपरची घडी करायची, पेला विसळून पिशवीत ठेवायची. नवऱ्यासमोर तिचा आवाज ऐकलेला माणूस आळीत विरळा. पण दुपारची माझ्याकडे पापड लाटायला आली की अशी हसायची, अशी हसायची, की लाटणं बाजूला ठेवावं लागे. एकदा म्हणालीन्, "वत्सलाताई, आमच्याकडे इंग्रजीला फार मोकळीक आहे हो. माणसांनाच नाही."

अशात आमच्या आळीत मथुरा राहायला आली.

कोपऱ्यावरचं घर रिकामं झालं होतं, ते मथुरा आणि तिच्या नवऱ्याने घेतलंन्. नवरा बोटीवर तांडेल, मथुरा मासळी बाजारात बसणारी. आवाज असा, की तिने दारातून "काकूऽऽ" म्हटलं की माझ्या कपाटातल्या काचा हलाव्यात. हाताला सढळ आणि जिभेला त्याहून. पहिल्याच आठवड्यात तिने आळीतल्या प्रत्येक घराला विचारलंन्, "तुमी खाता की तुमी बगून दुसऱ्यांना नावं ठेवता?" मासळीबद्दल, बरं का.

आमचं आळीत छोटं कृष्णाचं देऊळ आहे. त्याच्या कमिटीचे अध्यक्ष सोहनी सर. कोणी निवडलं नव्हतं, पण त्यांच्याकडे वेळ होता आणि शब्द होते. देवळात मथुरेच्या कुटुंबाचं स्वागत म्हणून सरांनी भाषण केलं. विषय अर्थातच मिंगल. मेंगन झालं, अमंग झालं, माणसांत येणं झालं. टाळ्या पडल्या. मथुरेने तर सगळ्यांत जोरात वाजवल्यान्. मग तिने घरून केलेली कांदाभजी फिरवलीन्. आम्ही सगळ्यांनी खाल्ली. ताट सरांपुढे आलं तेव्हा सरांनी दोन्ही हात छातीशी घेतले, जसं काही ताटात निखारे आहेत.

"आज पोट जरा... बरं नाही."

"असू दे, असू दे," मथुरा म्हणाली. तिला खरंच वाटलं. भोळी नव्हती ती, पण भाषण नुकतंच झालं होतं ना!

पुढे सरांना हृदयाचा काहीतरी त्रास निघाला आणि डॉक्टरांनी म्हणे मासे खायला सांगितले. डॉक्टरांनी सांगितलं की सरांनी डॉक्टरांकडून सांगवून घेतलं, हे नलूवहिनीलाच ठाऊक. आयुष्यात ज्या घरात मासळी शिरली नव्हती, तिथे आठवड्याला सुरमई शिरायला लागली. कुठून? तर मथुरेकडून. पण मागच्या दाराने! पेपरात गुंडाळून, त्यावर कापडी पिशवी, पिशवीवर कोथिंबिरीची जुडी. नलूवहिनी नाकाला पदर लावून परसात वेगळ्या शेगडीवर शिजवायची आणि स्वतः शिवायचीसुद्धा नाही.

मथुरा माझ्या ओट्यावर बसून हसायची. "काकू, सरांना काटं नाय चालत. तुकडी पायजे, तीपन मधली. पन पुढल्या दारानं मी नाय चालत."

"अगो, मग देतेस कशाला?"

"पेशंट हाय ना. असू दे."

असा हा माणूस. तिच्या हातची मासळी पोटात चालायची. तिची सावली मात्र अंगणात नको.

त्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला समुद्रात वादळ उठलं. बोटी परतल्या, मथुरेच्या नवऱ्याची परतली नाही. फोन लागेना. मथुरा दिवसचे दिवस बंदरावर जाऊन उभी राहायची आणि परत येऊन देवळाच्या पायरीवर बसायची. तो आवाज, काचा हलवणारा, पार बसला होता. मी पेज घेऊन गेले तर माझा हात धरलान् आणि म्हणालीन्, "काकू, बोल्ले मी देवाला. ह्यांना सुखरूप आन, गोकुळाष्टमीच्या काल्यात माझ्या घरचे पोहे घालीन. आळीतल्या एकूनएक तोंडात जातील. एक तोंड ऱ्हानार नाय."

देवाने ऐकलंन्. बोटीने देवगडच्या बाजूला खाडीत आसरा घेतला होता. नवरा आला, वाळून कोळ झालेला, पण आला. मथुरेचा आवाजही आला.

आता आमच्याकडचा काला सांगते. अष्टमीचा उपास, दुसऱ्या दिवशी काला. घरटी ज्याला जे जमेल ते आणायचं. कोणी पोहे, कोणी लाह्या, कोणी काकडी, भिजवलेली चण्याची डाळ, ओलं खोबरं, लिंबाचं लोणचं. सगळं एका मोठ्या परातीत. हंडी फुटली की तिच्यातलं दही वर ओतायचं आणि एका बाईने दोन्ही हातांनी कालवायचं. चमचा नाही, डाव नाही. मग ज्याच्या त्याच्या तळहातावर मूठ मूठ. त्या परातीत कोणाचे पोहे कुठले ते ब्रह्मदेवालाही सांगता येऊ नये, हाच त्या प्रसादाचा अर्थ. कालवायचा मान अध्यक्षांची बायको म्हणून नलूवहिनीचा.

मथुरेने नवसाचं सरांना सांगितलंन्. सर म्हणाले, "अवश्य! अहो, मिंगल!"

काल्याच्या दिवशी मथुरा नवी साडी नेसून पोह्यांचा भला मोठा डबा घेऊन आली. सरांनी हसून एका पोराला डबा घ्यायला लावला आणि आमच्या देखत गाभाऱ्यासमोरच्या परातीजवळ न नेता बाहेर पडवीत एका पातेल्यात ओतायला लावला. परातीतला काला आतल्या माणसांना, पातेल्यातला बाहेरच्यांना, म्हणजे गोविंदांची पोरं, वाटेवरचे, रिक्षावाले.

मथुरेला आधी कळेचना. "सर, माझे पोहे ह्याच्यात नाय पडले."

"पडले ना! एकाच देवळात आहेत की. मथुराबाई, मी त्या दिवशी समजावलं होतं. मिंगल व्हायचं, ब्लेंड नाही. ज्याचा तो ओळखू आला पाहिजे. हेच तर त्या शब्दाचं सौंदर्य आहे."

बघा हं. त्या शब्दाची एवढी पूजा का चालली होती ते मला त्या क्षणी कळलं. माणसांत जायला नव्हता तो शब्द त्यांना. कुंपण घालायला हवा होता. चांगलं इंग्रजी, जुनं, टिकाऊ कुंपण.

आम्ही बायका एकमेकींकडे बघत राहिलो. मथुरा रिकामा डबा कमरेवर घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसली. रडली नाही. "काकू, फिटला काय नवस?"

मी म्हटलं, "नाही गो बाय. खोटं कशाला सांगू?"

"मग पुढल्या वर्सी," म्हणालीन् आणि उठली.

पुढल्या वर्षी पुन्हा डबा आला. पुन्हा सर पडवीकडे बोट दाखवून उभे. हंडी फुटली, दही आलं, नलूवहिनी परातीपुढे बसली, कोपरापर्यंत हात भरलेले. मथुरा दाराशी उभी. आणि नलूवहिनी, जिला नवऱ्यासमोर शिंकायचीसुद्धा चोरी, ती मान वर न करता म्हणालीन्, "मथुरे, ओत गो इथे. पोहे कमी पडतायत."

मथुरेने डबा उपडा केलान्. नलूवहिनीने एकदा, दोनदा, सगळं खालीवर केलंन्. झालं! सर पुढे आले, मिशी थरथरत होती. "अगं, काय केलंस? वेगळं काढ ते!"

"कसं काढू हो? हात भरलेत माझे. आणि आता कुठले कोणाचे?"

देवळात असं हसू फुटलं! आमचे हे मोठ्याने ओरडले, "सर, ब्लेंड झालं!"

अध्यक्षाला प्रसाद नाकारता येईना. सरांनी तळहात पुढे केला, मूठ घेतली, कपाळाला लावली आणि मिटूनच धरली. मी बघत होते. बोलता बोलता ते देवळामागे गेले. जास्वंदीच्या बुंध्यात मूठ उघडून झटकलीनी, नळाखाली हात धुतलानी, रुमालाला पुसलानी आणि पुढे येऊन कोणालातरी अमंगची व्युत्पत्ती सांगायला लागले. पोह्यांवर कावळे उतरले.

मथुरेनेही बघितलं होतं. मी म्हटलं, "सोड गो. देवापर्यंत पोचलं तुझं."

"पोचलं, पन फिटलं नाय. एकूनएक तोंड बोल्ले मी. सर सोडून बोल्ले असते तर सुटले असते. माझीच चूक!" आणि कपाळावर हात मारून हसली. पण त्या दिवसापासून मागच्या दाराची सुरमई बंद. सरांनी निरोपावर निरोप धाडले. मथुरेचा जवाब एकच. "पुढल्या दारानं घेनार असतील तर आत्ता आनते." पुढचं दार उघडलं नाही. डॉक्टरांनी आता मासे बंद करायला सांगितलेत, असं सर चारचौघांत सांगू लागले.

मग नलूवहिनी गेली. झोपेतच गेली, कोणाला हाक न मारता, तिच्या स्वभावाप्रमाणे. सरांनी डबा लावला. तिथे पोळ्या कोण लाटतं, भाजी कोण चिरतं, हे त्यांनी कधी विचारल्याचं ऐकलं नाही. न बघितलेला हात चालायचा, बघितलेला तेवढा चालत नसे. पेल्याला डाग दिसायला लागले, पेपरची घडी वाकडी. आळीत कोणी त्यांना टाळलं नाही हो, पण मुद्दाम थांबायचंही कोणी नाही. शब्द सांगायला माणूस मिळेना, तेव्हा फाटकाशी उभे राहून कुरिअरवाल्याला धरायचे.

आणि कालवायचा मान आम्ही बायकांनी मथुरेला दिला. अध्यक्षांना विचारलं नाही, कळवलं.

गेल्या गोकुळाष्टमीची गोष्ट. सरांचं जायचं ठरलं होतं. काल्याला आले, पिशवी खांद्याला, सदरा लोंबणारा. मथुरेने परातीतून मूठ उचललीन्, त्यांच्या तळहातावर ठेवलीन्. सरांनी कपाळाला लावली, मूठ मिटली आणि निघाले देवळामागे. माझ्या मस्तकात तिडीक गेली. म्हटलं, आज जाता जाता तरी चार शब्द सुनवायचेच. मराठीत.

गेले मागोमाग. सर जास्वंदीकडे तोंड करून उभे होते, पाठ माझ्याकडे. खांदे हलत होते. मला वाटलं, रडतायत की काय? जरा बाजूने बघितलं. सर खात होते. बकाबका. सगळी मूठ तोंडात कोंबून, मग तळहात चाटला, मग बोटांच्या बेचक्या चाटल्या, मग पुन्हा तळहात. चमचा त्या पिशवीत तसाच. दोन वर्षांच्या पोराने खावं तसा माणूस खात होता, इकडेतिकडे बघत.

मी मागे सरले.

जरा वेळाने सर पुढे आले. आळीत बँकेतलं एक नवं जोडपं भाड्याने आलंय, त्यांना गाठलंनी. "मिंगल म्हणजे काय, सांगू शकाल?" मुलगी बिचारी आदराने ऐकत होती. मेंगन झालं, फुलांचे वास झाले. मग तिने मध्येच विचारलंन्, "सर, तुम्ही काला घेतलात का? आणू?"

"नाही, नाही. माझा आज उपास असतो."

काल्याच्या दिवशी उपास! त्या दिवशी तर आख्खा गाव उपास सोडतो. आणि हे सांगत असताना त्या झुपकेदार मिशीत एक दह्याने माखलेला पोहा अडकून बसलेला. बोट वर गेलं, "मिसळल्याशिवाय माणसांत येता येत नाही", आणि मिशीबरोबर तो पोहाही थरथरायला लागला.

मथुरेने परातीपुढून ते बघितलंन्. बघतच राहिली. मग कोपरापर्यंत दह्याने भरलेले हात तसेच देवाकडे जोडलेन् आणि पुटपुटलीन्, "फिटला रे बाबा."

मग माझ्याकडे वळली. त्या काचा हलवणाऱ्या आवाजाची बाई, पण या वेळी फक्त मला ऐकू येईल असं म्हणालीन्, "पन काकू, बगितलात ना? खाल्लान् तोपन मागल्या दारानं."